दोन डिग्री मागे

२ मार्च

ताई फोनवर म्हणाली, डोक्यात जे भणभणतं ते लिहून काढत जा, रोज मला ऐकवू नकोस. म्हणून ही डायरी. ऑइलवाल्यानं गॅरेजला फुकट दिलेली, मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, माझ्याकडे सरकवली. आठवीत शाळा सुटली त्यानंतर एवढं सलग कधी लिहिलं नाही. दिवसभर पाना धरून हात दुखत नाही, पेन धरून दुखतो.

आज दिवसभर एकच गाडी, दातवाल्याची पांढरी. हा दातांचा डॉक्टर आहे आणि त्याला डोंगररस्त्यावर शर्यती खेळायचं वेड आहे. इंजिन साधं दोन लिटरचं, पण टर्बो असा बसवलाय की बॉनेट उघडलं की आधी तोच दिसतो, भल्यामोठ्या गोगलगाईसारखा. महिनाअखेरीला शर्यत आहे. तोवर आम्ही तिला ट्यून करून द्यायची.

आम्ही म्हणजे मास्तर, गॅरेज त्यांचं. मी गाडी रोलरवर चढवतो, पट्ट्यांनी चारी बाजूंनी आवळतो, समोरचा पंखा लावतो, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवतो. जागच्या जागी चाकं फिरतात, गाडी ताशी दोनशेनं पळते आणि कुठंच जात नाही. माझंही तसंच चाललंय म्हणा.

पण आज मास्तर काकूंच्या देखत म्हणाले, "ही पांढरी नीट झाली की पुढची गाडी तू ट्यून करायची. लॅपटॉप तुझ्या मांडीवर, मी बाहेर पंख्याशी."

मी मागून विचारलं, "नक्की ना?" उत्तरच नाही. पाठ फिरवून निघून गेले. मोठ्या माणसांची तऱ्हा.

३ मार्च, रविवार

दुपारपर्यंत झोपलो. पेंटर भात करपवत बसला होता. खोलीत आम्ही दोघं, तो गाड्या रंगवतो. थिनरनं त्याचं नाक कधीच गेलं, भात जळला तरी त्याला पत्ता नसतो. म्हणतो, "म्हणून तर तुझ्या मोज्यांशेजारी राहू शकतो."

ताईचा फोन. भाऊजी टायरचं दुकान वाढवताहेत, त्यांना घरचा माणूस हवाय. महिनाअखेरीपर्यंत सांग, नाहीतर दुसरा ठेवतील. आई मागून म्हणत होती, त्याला म्हणावं नुसतं हो हो करून कानामागे टाकू नकोस.

टायर. आयुष्यभर टायर. मला लॅपटॉप मांडीवर घ्यायचाय. एकदा तरी.

५ मार्च

मला नेमकं किती कळलंय ते लिहून बघतो.

पिस्टन वर येत असतो. तो वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पाडायची, कारण जळणाला पेटायला वेळ लागतो. जरा आधी म्हणजे किती, ते डिग्रीत मोजायचं. ते टायमिंग. झोपाळ्याला धक्का देण्यासारखं आहे. मागे येऊन थांबला की ढकला, उंच जातो. अजून अंगावर येत असताना ढकललात तर आपलंच मनगट मुरगळतं. मास्तर लॅपटॉपवरून एकेक डिग्री पुढे नेतात, गाडी जोर धरत जाते. मग एका डिग्रीला आतलं उरलेलं जळण ज्वाळेची वाट न बघता आपोआप फुटायला लागतं. त्याला नॉकिंग म्हणायचं. तिथून दोन डिग्री मागे यायचं आणि थांबायचं. हाव करायची नाही. टर्बो जेवढी हवा कोंबेल, म्हणजे बूस्ट जेवढा जास्त, तेवढी ही जागा लवकर येते. आणि ती चुकली तर पिस्टनचा भुगा.

नॉकिंग ऐकूनच पकडायचं. इंजिन किंचाळत असतं आणि त्याच्या आत कुठंतरी, काचेवर कोणी नख मारावं तसा टिक. त्यासाठी मास्तरांनी तांब्याची एक नळी इंजिनाला बोल्टनं कसलीय, तिला रबरी नळी, आणि ती थेट कानावरच्या टोप्यांत. लॅपटॉपवर नॉकिंगचा दिवापण आहे. मास्तरांनी तो बंद ठेवलाय. म्हणतात, दणकट पिस्टन घातले की सगळंच खडखडतं, हा दिवा भित्र्या कुत्र्यासारखा कशालाही भुंकतो.

आधी त्या टोप्या तेच घालायचे. मागच्या वर्षी एके दिवशी माझ्या डोक्यावर चढवल्या. म्हणाले, शीक.

८ मार्च

डोकं उठलंय. उकाडा, त्यात रोलरच्या खोलीत शटर बंद.

मास्तर ड्रायव्हरच्या जागी, मी शेजारी टोप्या घालून. एक फेरी झाली की ते माझ्याकडे बघतात.

"काय ऐकलंस?"

"साडेपाच हजार आरपीएमला. दोनदा."

ते काहीतरी बदलतात. परत फेरी. परत "काय ऐकलंस?" बरोबर होतं की चूक, ते कधी सांगायचं नाही. आज मी शेवटी विचारलंच, "मास्तर, मी बरोबर सांगतोय ना?"

"तू ऐकलंस ना? मग झालं."

वर्ष झालं ही तोंडी परीक्षा चालूय आणि निकाल नाही. शाळेत निदान नापास तरी करायचे.

बाकी रुबाब म्हणाल तर वाढत चाललाय. फोन वाजत असतो, हे बघत नाहीत, काकूंनी उचलायचा. गिऱ्हाईक मागून हाक मारतं, हे वळत नाहीत. काकूंना केबिनमधून उठून येऊन खांद्याला हात लावावा लागतो, तेव्हा कुठं साहेब लक्ष देणार. मी तर हाक मारणंच सोडलंय, सरळ समोर जाऊन उभा राहतो.

१० मार्च, रविवार

पेंटरला सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "मुद्दाम चुकीचं सांगून बघ की. माझा पहिला सेठ असाच, सारखा रंगाची छटा विचारायचा. एकदा मुद्दाम चुकीची सांगितली. थोबाडीत बसली. तेव्हा कळलं, गड्याला येतंय."

"आणि थोबाडीत बसली नाही तर?"

"तर मग तुला येतंय आणि त्याला नाही."

हे काही पटत नाही. मास्तरांना येत नाही असं म्हणणं म्हणजे फारच झालं. या गावातल्या निम्म्या टर्बो गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्यात.

१२ मार्च

केलं आज.

बूस्टचा दाब दीड बारच्या वर होता. पाच हजार दोनशेच्या आसपास तीनदा टिकटिक आली, स्वच्छ, नख मारल्यासारखी. मास्तरांनी गाडी थांबवली.

"काय ऐकलंस?"

"काही नाही. साफ."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. वाटलं, बसली आता थोबाडीत.

"नक्की?"

"नक्की."

मान हलवली आणि आणखी एक डिग्री पुढे नेली! पुढच्या फेरीला टिकटिक एवढी वाढली की मी घाबरून म्हटलं, "आता आली, आता आली." तेव्हा ती डिग्री काढून टाकली. पण तेवढीच. आधीच्या तीन टिकटिकींवर गाडी आहे तिथंच ठेवली. ना ओरडले, ना हसले.

खोलीवर येईपर्यंत विचार करत होतो. माणूस त्याच इंजिनावर बसलाय, तीस वर्षं हेच करतोय, त्यांना ऐकू आलं नसेल असं होणारच नाही. म्हणजे त्यांनी ऐकलं आणि चालवून घेतलं. म्हणजे तीनपर्यंत माफ, त्यापुढे मागे यायचं. वर्षभर मी प्रत्येक बारीकसारीक टिक सांगत होतो आणि ते मनातल्या मनात हसत असणार, काय भित्रं पोरगं आहे म्हणून.

हे आतलं ज्ञान. हे कोणी तोंडानं सांगत नाही.

१६ मार्च

बूस्टचं काम. हे बघायला मला आवडतं. धूर बाहेर जाताना टर्बोचं चाक फिरवतो. धुराला पळवाट देणारं एक झाकण असतं, ते लवकर उघडलं तर दम नाही, उशिरा उघडलं तर दाब एकदम उसळतो. पांढरीचा दाब एक पॉइंट आठ बारवर थांबायला हवा, तो आधी दोनाच्या वर उडी मारत होता. मास्तर पडद्यावरच्या रेघेकडे बघत झाकणाच्या झडपेचे आकडे असे बदलत गेले की चौथ्या-पाचव्या फेरीला उडी गायब. रेघ वर गेली आणि मेजासारखी सपाट. असे डोळे पाहिजेत माणसाला.

माझ्या बाजूनं मी तीन टिकटिकींपर्यंत काही बोललो नाही. "साफ." ते पण खूश दिसले. काम भराभर पुढे सरकलं.

दातवाला संध्याकाळी आला. इंजिनाचा आवाज ऐकून म्हणाला, "मास्तर, माझे पेशंटसुद्धा एवढे किंचाळत नाहीत हो."

काकू म्हणाल्या, "त्यांना तुम्ही आधी सुई देता. हिला कुठं दिली?"

मास्तर सगळे हसल्यावर हसले.

१९ मार्च

पाय जड झालेत. उभं राहून राहून टाचा पेटतात.

काम संपलं. ताकदीचे आकडे मागच्या कुठल्याही गाडीपेक्षा वर. देण्याआधी ठिणगी पाडणारे जुने प्लग काढून नवे घातले, ते माझं नेहमीचं काम. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या भागावर बारीक चकचकीत ठिपके होते, मिरपूड भुरभुरल्यासारखे. असे ठिपके चांगले नसतात असं मास्तरांनीच कधीतरी सांगितलं होतं, पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं म्हणे ते. दाखवायला गेलो, तर ते केबिनमध्ये काकूंशी बोलत होते. म्हणजे काकू ओरडून बोलत होत्या, भांडण असावं. परत फिरलो. एवढ्या आकड्यांना थोडी मिरपूड पडायचीच. त्यांना ठाऊकच असणार.

दातवाला गाडी घेऊन गेला. मास्तर माझ्याकडे बोट करून त्याला म्हणाले, "पुढची हा करणार."

आज आईला फोन करून सांगितलं. तिला एवढंच कळलं की मी घरी येत नाहीये.

२४ मार्च, रविवार

सकाळी ट्रकवर पांढरी परत आली. डोंगरावर सराव होता, ऊन रणरणतं. वरच्या वळणाला दम गेला आणि मागून निळा धूर. दातवाला ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून आला, हेल्मेट मांडीवर. उतरला तेव्हा काही बोलला नाही. तो नेहमी इतकं बोलतो की ते जास्त लागलं.

तिसऱ्या सिलिंडरला कॉम्प्रेशनच नाही, हवा दाबून धरतच नाही.

२५ मार्च

इंजिन खोललं. तिसऱ्या पिस्टनची रिंगांमधली कड तुटून पडलेली, सिलिंडरची भिंत ओरबाडून निघालीय. मास्तरांनी पिस्टन पुसला, खिडकीजवळ नेला, बोट फिरवलं. मग टेबलावर ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"हे तू ऐकलं होतंस?"

मी म्हटलं, "थोडं. दोनतीनदा."

"आणि मला साफ म्हणालास."

"तुम्हीपण ऐकलंच होतं ना?"

माझ्या ओठांकडे बघत राहिले. मला वाटलं आता शिव्या येणार. पण म्हातारा वळला आणि शटरबाहेर जाऊन पायरीवर बसला. दुपारचं जेवण तसंच राहिलं. मी तुकडे गोळा केले. दुसरं काय करणार.

२६ मार्च

दातवाला आला. शर्यत गेली त्याची, वर्षभर वाट बघत होता. आवाज चढला होता. "मास्तर, मी डोळे मिटून गाडी तुमच्याकडे देतो. कशासाठी? तुमच्या कानासाठी. तुम्हाला ऐकू आलं नाही?"

मास्तर म्हणाले, "नाही आलं."

"असं कसं नाही आलं?"

"नाही आलं. चूक माझी आहे. इंजिन मी बांधून देतो."

मी तिथंच उभा होतो, हातात चिंधी. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्वतःच्या गॅरेजात, स्वतःच्या गिऱ्हाइकासमोर, माझ्यासाठी एवढं मोठं खोटं बोलले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता लॅपटॉपचं नाव काढायची सोय नाही. टायरच.

२८ मार्च

काल काही लिहवलं नाही.

आज मास्तर सिलिंडरची भिंत तासून आणायला गेले तेव्हा केबिनमध्ये गेलो. काकू फोन ठेवत होत्या. म्हटलं, "काकू, मी घरी जातोय. पण एक सांगतो. परवा मास्तर माझ्यासाठी खोटं बोलले. त्यांना ऐकू आलं होतं."

काकूंनी चष्मा काढला. "कोण म्हणालं?"

"येणारच की. मी त्यांना चुकीचं सांगितलं, आणि त्यांनी ते चालवून घेतलं. मला वाटलं..."

"अरे, त्यांना ऐकू येत नाही."

मला कळेना.

"बारीक आवाज तर तीन वर्षं झाली, येतच नाही. किटलीची शिटी येत नाही. दाराची बेल येत नाही. मी बोलते ते तोंड बघून कळतं त्यांना, पाठ फिरवली की संपलं. मशीन घाला म्हणते कानात, तर म्हणतात गिऱ्हाईक बघेल. त्यावरून तर रोज घसा फोडते मी." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मला वाटलं तुला केव्हाच कळलंय. तू तर सबंध दिवस त्यांच्या शेजारी बसतोस."

सबंध दिवस शेजारी बसतो. खरंय.

बाहेर येऊन पंख्याच्या खोक्यावर बसलो. ते परीक्षा घेत नव्हते. ते विचारत होते.

२९ मार्च

मास्तरांसमोर गेलो, तोंड दिसेल असा. सांगून टाकलं. मुद्दाम साफ म्हणालो, बघायला, की तुम्ही पकडता का.

त्यांनी हातातला पाना पुसून खाली ठेवला. "परीक्षा घेणाऱ्याला उत्तर माहीत लागतं रे. मला कुठं होतं?"

"मग सांगायचं ना मास्तर! एकदा तरी सांगायचं. मी कशाला असलं..."

"काय सांगू? कान गेलेल्या माणसाकडे गाडी कोण आणेल? आणि तू तरी थांबला असतास?"

मी म्हटलं, थांबलो असतो. पण ते पटकन आलं नाही तोंडातून, आणि तेवढा उशीर त्यांनी बघितला.

"तू बोलला नाहीस, मी बोललो नाही," ते म्हणाले. "आणि पिस्टन गेला तिसऱ्याचा."

मग पाठमोरे होऊन कामाला लागले. जरा वेळानं, न वळताच म्हणाले, "पांढरी बांधून झाली की तूच ट्यून करायची. पण आधी कान तपासून ये. मला सर्टिफिकेट नको. तू तोंडानं सांग, मी मानीन."

मी "बरं" म्हटलं. मग लक्षात आलं, समोर जाऊन म्हणायला हवं. गेलो आणि म्हटलं.

३१ मार्च, रविवार

ताईला सांगितलं, नाही येत. भाऊजींनी दुसरा माणूस ठेवावा. ताई म्हणाली, "पुन्हा विचार कर, एकदा दुसरा आला की त्याला हाकलता येणार नाही." म्हटलं, नको ठेवू जागा. आई फोनवर आलीच नाही. पेंटर म्हणाला, "वेडा आहेस. टायरला निदान वास तरी येतो, असं ऐकलंय."

७ एप्रिल, रविवार

आठवडाभर इंजिन. नवे पिस्टन, रिंगा, गॅस्केटं. बोल्ट कसताना मास्तरांचा हात अजून तसाच, घट्ट झाल्याचं मनगटालाच कळतं. दोघं फार बोलत नाही. पण बोललो की समोरासमोर बोलतो, त्यामुळे निम्मं भांडण आपोआप मिटतं.

मास्तरांनी कानात मशीन घातलंय, काकूंनी जिंकलं शेवटी. म्हणतात, सगळं डब्यातून आल्यासारखं येतं, इंजिनाचा काही उपयोग नाही. पण बेल येते. बेल वाजली की असे दचकतात की काकू तोंड फिरवून हसतात.

९ एप्रिल

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे. काचेच्या कपाटासारख्या खोलीत बसवलं, शिटी ऐकू आली की बटण दाबायचं. मला वाटलं, हे तर माझंच काम आहे, पगार इथंच मागावा.

बाईंनी विचारलं, काय काम करता. सांगितलं. म्हणाल्या, उजवा चांगला आहे, डावा वरच्या सुरांना थोडा कमी झालाय. अगदी सुरुवात आहे. आताच आवाजापासून लांब व्हा, गेलेलं परत येत नाही.

थोडा. अगदी सुरुवात. मास्तरांना एवढं व्हायला तीस वर्षं लागली, आणि या टोप्या करायच्या आधी ते कानात काही घालायचेच नाहीत. मी तर टोप्या घालतो. आणि ज्या दिवशी नीट येईनासं होईल त्या दिवशी मी सांगेनच. मी काही त्यांच्यासारखा लपवत बसणार नाही.

भाऊजींनी माणूस ठेवला असं ताईनं सांगितलं.

१० एप्रिल

मास्तर गाडीखाली होते. बाहेर आल्यावर विचारलं, "गेला होतास? काय म्हणाल्या बाई?"

मी खाली बघत म्हटलं, "उत्तम आहेत."

"काय?"

तोंड वर करावं लागलं. त्यांच्याकडे बघून, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "दोन्ही कान उत्तम आहेत, मास्तर."

खोटं एकदाच बोलायचं ठरवलं होतं. दोनदा बोलावं लागलं, आणि दुसऱ्यांदा ओरडून.

त्यांनी मानलं. खांद्यावर थोपटलं, ग्रीसचा हात, शर्टावर डाग पडला.

१६ एप्रिल

झालं. लॅपटॉप मांडीवर होता.

वाटलं होतं तसं काही झालं नाही. छाती वगैरे भरून आली नाही. मांडी भाजत होती, कारण त्याचा पंखा खालून गरम हवा फेकतो, हे मास्तरांनी कधी सांगितलं नव्हतं. ते बाहेर मोठ्या पंख्याशी उभे, काचेतून माझ्याकडे बघत. दातवालापण आला होता, हाताची घडी घालून. त्याचा राग गेलेला नाही, पण गाडी दुसरीकडे नेली नाही हे खरं.

नॉकिंगचा दिवा लावावा का असं एकदा मनात आलं. लावला असता तर मास्तरांनी विचारलं असतं, का रे, कान आहेत ना? नाही लावला.

टोप्या घातल्या. डाव्या बाजूनं जरा कमी येत होतं. रबरी नळीत कचरा असणार, काढून फुंकली, परत लावली. तेवढंच येत होतं. मग मान जरा वळवून बसलो.

एक एक डिग्री. बूस्ट आधी एकवर, मग दीडवर. पाच हजारांच्या पुढे एकदा टिक आली, तिथून दोन डिग्री मागे आलो. हाव केली नाही. मग बूस्ट एक पॉइंट आठवर नेला. प्रत्येक फेरीनंतर मास्तर खिडकीशी यायचे, माझ्या ओठांकडे बघायचे. "काय ऐकलंस?" मी सांगायचो, ते मान हलवायचे. दुसरं काही त्यांच्या हातात नाही हे आता मला माहीत आहे, त्यामुळे ती मान हलली की मी लगेच पडद्याकडे तोंड फिरवायचो.

संध्याकाळी दातवाला आकडे बघून म्हणाला, "मागच्या वेळेपेक्षा जरा कमी आहेत?"

मास्तर म्हणाले, "आता हे त्याला विचारा."

मी म्हटलं, "साहेब, एवढेच."

त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा हसू आलं. गाडी रविवारी डोंगरावर नेणार आहे म्हणाला.

शेवटची फेरी पूर्ण बूस्टला, अगदी वरपर्यंत घेतली होती. मास्तर आले, विचारलं. मी साफ म्हणालो. खरंच म्हणालो, या वेळी मुद्दाम काही केलं नाही. काहीच ऐकू आलं नव्हतं. आणि ऐकू आलं नाही म्हणजे साफच.